ग्रहणात भाजी चिरली म्हणून ओठ फाटला?

फाटलेल्या ओठाचं बाळ घेऊन आई आली की थोड्या वेळात ग्रहणाचा विषय निघतोच. ग्रहण न पाळणाऱ्या देशांतही अशी बाळं जन्मतात, हे सांगून बघा. माना डोलावतात आणि घरी गेल्यावर पहिले पाढे पंचावन्न.

शिरपूरकडची एक सून अशीच आली. 7 सप्टेंबर 2025 चं खग्रास चंद्रग्रहण, वेध लागलेले, आणि हिने संध्याकाळी गिलकी चिरली. सोबत आलेल्या सासूबाई म्हणाल्या, “गर्‍हनमा ईळा हातमा लेवू नको, सांगेल व्हतं मी तिले.”

अशा वेळी मी वाद घालत नाही. माता-बाल संरक्षण कार्ड काढायला लावते. शेवटची पाळी 23 फेब्रुवारी. गर्भ त्यानंतर साधारण दोन आठवड्यांनी राहतो, म्हणजे 9 मार्चच्या आसपास. तिथून चौथ्या ते सातव्या आठवड्यात चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंचे उंचवटे मध्ये येऊन वरचा ओठ जुळतो. टाळू, म्हणजे तोंडाचं आतलं छत, त्यानंतर थोड्याच आठवड्यांत मिटते. कॅलेंडर आणि पेन सासूबाईंच्या हातात दिलं. मोजणी त्यांनीच केली: 6 ते 27 एप्रिल.

“म्हंजे आखाजीना आधीच?”

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, 30 एप्रिलला होती. ग्रहण आलं तेव्हा सातवा महिना संपत आलेला. सासूबाईंनी पुन्हा एकदा मोजलं आणि पेन खाली ठेवलं. डोक्यातलं ग्रहण सुटायला माझ्या व्याख्यानापेक्षा त्यांचं स्वतःचं बोट कामी आलं. कार्ड सासूच्या हातात द्यायचं, हे मी ठरवूनच करते.

पण खरी बैठक पुढेच होती. सून हळूच म्हणाली, “मग मॅडम, चैत्रात माझं काय चुकलं?”

तारीख हलली की दोष जात नाही, तोही नव्या तारखेवर जाऊन बसतो. म्हणून मी तिथे थांबत नाही. काही आनुवंशिक कल आणि गर्भातली परिस्थिती मिळून हे घडतं, बहुतेक घरांत एका कारणावर बोट ठेवता येत नाही. धोका वाढवणाऱ्या गोष्टी मात्र माहीत आहेत: धूम्रपान, दारू, गरोदरपणाआधीपासून आटोक्यात नसलेली साखर, फिटांवरची काही औषधं. (ही औषधं मनाने बंद करायची नाहीत, डॉक्टरांकडून आधीच बदलून घ्यायची.) हिच्याकडे यातलं काहीच नव्हतं. ते तिला सासूसमोर, मोठ्याने सांगितलं. तेव्हा ती रडली आणि सासूबाईंनी बाळ मांडीवर घेतलं.

मग कामाचं बोलता आलं. नुसता ओठ फाटलेला असेल तर बाळ बहुधा अंगावर पितं. टाळूही फाटली असेल तर दूध ओढता येत नाही. आईचं दूध काढून वाटी-चमच्याने किंवा बोंडल्याने, बाळाला उभट धरून, थोडं थोडं पाजायचं आणि मध्ये मध्ये ढेकर काढायची. नाकातून दूध आलं तर घाबरून पाजणं सोडू नये, क्षणभर थांबावं. वजन दर आठवड्याला बघावं, कारण ओठाची शस्त्रक्रिया साधारण तीन ते सहा महिन्यांत होते ती वजन आणि रक्त पुरेसं असेल तरच. टाळूची बहुधा नऊ ते अठरा महिन्यांत. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमातून ती मोफत होते, आशाताईंकडे चौकशी करावी. टाळू फाटलेल्या बाळाचे कानही तपासून घ्यावेत, आत पाणी साचून ऐकू कमी येतं.

पुढच्या बाळाचं विचारलं तर: आईवडिलांना हा दोष नसेल तर शंभरात साधारण चार वेळा तो पुन्हा दिसतो. दिवस राहण्याच्या निदान महिनाभर आधी फॉलिक ॲसिड सुरू करायचं, किती घ्यायचं ते डॉक्टर सांगतील. पाळी चुकल्यावर धावपळ करण्यात अर्थ नाही, तोवर ओठाचं काम सुरू व्हायला आलेलं असतं.