वाचकांचे प्रश्न, तंत्रज्ञांची उत्तरे : ट्रॅकवरची गाडी, ब्रेक आणि सस्पेन्शन

प्रश्न : मी नोकरीनिमित्त इंग्लंडमध्ये डर्बी येथे राहतो. माझ्याकडे 2016 सालची दोन लिटर इंजिनाची माझदा एमएक्स-5 आहे. मागील महिन्यात डॉनिंग्टन पार्कच्या ट्रॅकवर प्रथमच गाडी चालवली. पाचव्या फेरीत ब्रेकचे पॅडल मऊ पडून जवळजवळ तळापर्यंत गेले, पण दुसऱ्या दिवशी घरी येताना ब्रेक ठीक लागत होते. पुढच्या डाव्या टायरची बाहेरची कडा मात्र एका दिवसात खाल्ली गेली आहे. एका गॅरेजने मोठ्या डिस्क व कॅलिपरचा (डिस्कवर ब्रेकचे पॅड दाबणाऱ्या भागाचा) संच आणि गाडी 40 मिलिमीटर खाली आणणारे कॉइलओव्हर (स्प्रिंग व शॉक अब्सॉर्बरची एकत्र जोडी) सुचवले आहेत. हा खर्च करावा का?

उत्तर : आत्ताच करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. तुमच्या दोन्ही तक्रारींची कारणे तुमच्या पत्रातच आहेत आणि त्यांवरचे उपाय या संचाच्या किमतीच्या लहानशा भागात होतात.

आधी ब्रेक पाहू. पॅड तापून घर्षण कमी झाले असते, तर पॅडल घट्ट राहिले असते आणि कितीही जोर लावला तरी गाडी थांबायला तयार झाली नसती. तुमचे पॅडल मऊ होऊन खाली गेले, याचा अर्थ ब्रेक ऑइल उकळले. ऑइल दाबले जात नाही, पण त्यात झालेले वाफेचे बुडबुडे दाबले जातात, आणि पायाचा सगळा जोर ते बुडबुडे दाबण्यातच जातो. गाडी थंड झाली की वाफेचे पुन्हा द्रव होते, म्हणूनच दुसऱ्या दिवशी ब्रेक लागले. पण तेच ऑइल घेऊन पुन्हा ट्रॅकवर गेलात, तर तेच पुन्हा घडेल.

डॉट 4 प्रतीच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान 230 अंश सेल्सिअस असावा लागतो. हे ऑइल हवेतली आर्द्रता शोषत राहते, आणि त्यात 3.7 टक्के पाणी मुरले की हाच बिंदू 155 अंशांपर्यंत उतरलेला असू शकतो. आता उष्णतेचा हिशेब करा. चालकासह 1,100 किलोची गाडी ताशी 160 किलोमीटरवरून 80 वर आणताना सुमारे आठ लाख ज्यूल ऊर्जेची उष्णता होते. तेवढ्या उष्णतेत साधारण अडीच लिटर पाणी उकळीला येईल, आणि ती दोन-तीन सेकंदांत मुख्यतः डिस्कमध्ये शिरते. डॉनिंग्टनच्या स्टार्कीज स्ट्रेट या सरळ पट्ट्याच्या शेवटी हे प्रत्येक फेरीला घडते. म्हणून सर्व जुने ऑइल काढून 300 अंशांहून अधिक उत्कलनबिंदू असलेले ट्रॅकसाठीचे ऑइल भरा, चारही चाकांच्या ब्रेकमध्ये अडकलेली हवा नीट काढा आणि उष्णता सोसणारे पॅड बसवा. मोठ्या डिस्कमुळे गाडी कमी अंतरात थांबते, हा समज चुकीचा आहे. तुमचे आताचे ब्रेक एबीएस (चाक पूर्ण अडकू न देणारी यंत्रणा) चालू होईपर्यंत चाक धरू शकतात, त्यामुळे थांबण्याचे अंतर टायरची पकड ठरवते. मोठी डिस्क उष्णता अधिक साठवते, हा तिचा खरा फायदा आहे, आणि चांगले ऑइल व पॅड घालूनही ब्रेक तापत राहिले तरच तिचा विचार करावा. केवळ पुढच्या चाकांना असा संच बसवल्यास पुढच्या-मागच्या ब्रेकचा तोलही बदलतो, हे गॅरेजवाले सहसा सांगत नाहीत.

आता टायर. डॉनिंग्टनचा ट्रॅक घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने जातो, म्हणजे बहुतेक मोठी वळणे उजवीकडची असल्याने सर्वाधिक भार पुढच्या डाव्या चाकावर येतो. टायरवर अंगठा फिरवून पाहा : बाहेरच्या कडेला रबराच्या गोळ्या लागतील आणि आतल्या पट्ट्या जवळजवळ नव्यासारख्या असतील. गाडी वळणात कलल्यावर टायर बाहेरच्या कडेवर उभा राहतो, म्हणून चाकाचा माथा आधीच थोडा आत झुकवून ठेवावा लागतो. यालाच ऋण कॅम्बर म्हणतात. तुमच्या गाडीत मूळ बोल्टवरच पुढचा कॅम्बर वाढवता येतो. ट्रॅकचा अनुभव असलेल्या माणसाकडून, तुमच्या वजनाइतके ओझे सीटवर ठेवून व्हील अलाइनमेंट करून घ्या. टायरमधली हवा मात्र गाडी पिटमध्ये (ट्रॅकशेजारच्या थांब्यावर) येताच, टायर गरम असतानाच मोजा.

एवढे करून दोन-तीन दिवस ट्रॅकवर गाडी चालवल्यानंतर ती अजूनही जास्त डुलते असे वाटले, तर एकमेकांना जुळणाऱ्या स्प्रिंग आणि शॉक अब्सॉर्बरची जोडी घ्या, पण उंची 40 मिलिमीटरने कमी करू नका. डॉनिंग्टनच्या क्रेनर कर्व्ह्ज या वळणांचा उतार संपून गाडी तळाशी दबते, तेव्हा इतके खाली बसवलेले सस्पेन्शन बम्प स्टॉपवर (त्याची हालचाल अडवणाऱ्या ठोकळ्यावर) टेकते, त्या चाकाचा ताठरपणा एकाएकी वाढतो आणि नेमकी ओल्ड हेअरपिन या पुढच्या वळणाच्या आधी पकड सुटते. कोणताही बदल केलात तरी विमा कंपनीला कळवा. रस्त्यासाठीचा विमा ट्रॅकवर बहुधा लागू नसतो.

प्रश्न : कोइम्बतूरच्या कारी मोटर स्पीडवेवर जाण्यासाठी रेसिंगचे पॅड पुण्यातच बसवून तसाच प्रवास करावा का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : करू नये. रेसिंगचे पॅड तापल्यावरच नीट धरतात. पावसाळ्यात घाट उतरताना थंड पॅडवर पहिला ब्रेक लावावा लागला, तर तो अपेक्षेपेक्षा उशिरा लागेल. ट्रॅक जेमतेम 2.1 किलोमीटरचा असल्याने दोन वळणांमध्ये ब्रेकना थंड व्हायला फार वेळ मिळत नाही, म्हणून चांगले पॅड घेण्याचा तुमचा विचार योग्यच आहे. ते सोबत न्या आणि तिथे पोहोचल्यावर बदला. शेवटची फेरी ब्रेक न वापरता सावकाश मारा आणि गाडी उभी केल्यावर हँडब्रेक ओढू नका, गिअरमध्ये ठेवून चाकाखाली ठोकळा लावा. पॅड बदलताना कॅलिपरचे पिस्टन मागे ढकललेले असतात, त्यामुळे पहिल्यांदा पॅडल दाबले की ते थेट तळाला जाते. गाडी जागची हलवण्यापूर्वी पॅडल घट्ट लागेपर्यंत दाबत राहा, आणि परतीच्या प्रवासासाठी जुने पॅड पुन्हा बसवल्यावरही हेच करा.