पार्टी बोट घ्यावी की लहान?

प्रश्न : ताई, डिसेंबरात आम्ही सहा मैत्रिणी गोव्याला जातोय. ग्रँड आयलंडला डीजेची मोठी बोट घ्यावी की लहान? स्नॉर्केलिंग (मास्क आणि श्वासाची नळी लावून, पाण्यावर तरंगत खालचं बघणं) करायचंय. पोहणं कृष्णेत शिकले, समुद्र नवा. – वाचक, सांगली

उत्तर : लहानच घे गं, आणि सकाळची, दुपारी वारा वाढतो, पाणी हलतं. मी गर्दीच्या बोटीवर गेले होते, पाण्यात जेमतेम पंधरा मिनिटं मिळाली. पाण्यात सोबत कोण उतरणार, हे पैसे देण्याआधी विचार. मास्क नीट बसतो का बघायला तो पट्ट्याविना चेहऱ्यावर टेकव, नाकाने श्वास ओढ. चिकटून राहिला तर बरोबर. कडेखाली केस नकोत, पाणी शिरतं. खारं पाणी कृष्णेपेक्षा जास्त उचलून धरतं, तरी लाइफ जॅकेट काढू नकोस. बिअर-नाच परतताना. प्रवाळावर पाय अजिबात ठेवू नका, ते जिवंत असतं.