टीममधला सगळ्यात भारी स्ट्रायकर कुणाचंच ऐकत नाही. मोठे मॅनेजर अशांना कसे सांभाळतात?

इथे नाशिकमध्ये गोल्फ क्लब मैदानावर फुटबॉल खेळणाऱ्या पोरांतही असा एखादा असतोच, आणि बहुतेक कोच पहिल्याच दिवशी त्याला सगळ्यांसमोर झापतात. तिथेच बिनसतं.

मँचेस्टर युनायटेडचे मॅनेजर फर्ग्युसन आणि त्यांचा स्ट्रायकर कँटोना यांचं बघा. जानेवारी १९९५ मध्ये कँटोनाने प्रेक्षकाला लाथ घातली, सप्टेंबरअखेरपर्यंत बंदी आली. तो वैतागून इंग्लंड सोडायच्या बेतात होता. फर्ग्युसन स्वतः पॅरिसला गेले, त्याची समजूत काढली. १९९५-९६ मध्ये युनायटेडने इंग्लंडची प्रीमियर लीग आणि एफए कप, दोन्ही जिंकले.

पण हेच फर्ग्युसन २००५ मध्ये कर्णधार रॉय कीनला निरोप देताना कचरले नाहीत. त्याने मुलाखतीत सहकाऱ्यांनाच धारेवर धरलं होतं. कँटोना तापट होता, पण सराव संपल्यावरही थांबून घाम गाळायचा. तरुण पोरं त्याचं बघून शिकायची. माझ्या मते खरी कसोटी हीच.

सगळ्यांना हे जमत नाही म्हणा. कोच ग्वार्डिओला आणि स्ट्रायकर इब्राहिमोविच यांचं बार्सिलोनात एका मोसमातच फिस्कटलं.

तुमचा स्ट्रायकर सरावाला वेळेवर येतो का? येत असेल तर एकट्याला चहाला घेऊन बसा, बाकीच्यांसमोर नको. येत नसेल तर पुढची मॅच बेंचवर.