पहिला गणित प्रकल्प घेताना

नमस्कार. सातवीला प्रकल्पातून गणित शिकवण्याचा तुमचा विचार वाचून मनापासून आनंद झाला. सुरुवातीला एकच प्रकल्प घ्या, तोही चार-पाच तासिकांत संपणारा, आणि त्यातून नेमका कोणता घटक शिकवायचा आहे हे आधी पाठाच्या टाचणात लिहून ठेवा.

कोल्हापुरात गुऱ्हाळासारखा विषय हाताशी आहे. एक टन उसापासून साधारण 100 ते 120 किलो गूळ होतो, त्यामुळे शेकडेवारी, सरासरी आणि नफा-तोटा मुलांना काहिलीजवळच, म्हणजे रस उकळण्याच्या मोठ्या कढईजवळच, भेटतात. माझ्या वर्गातील एका मुलीने 120 किलो गुळाला एक टन उसाऐवजी 600 किलो रसाने भागून उतारा (उसामागे मिळणाऱ्या गुळाचे शेकडा प्रमाण) 20 टक्के काढला होता. शेजारच्या गटाचे 12 टक्के पाहून तिने स्वतःच छेद तपासला आणि ‘कशाचे शेकडा’ हा प्रश्न तिला कायमचा उमगला. अशा वेळी उत्तर सांगण्याची घाई करू नका.

नवख्या शिक्षकांची मोठी चूक म्हणजे थर्माकोलच्या सजावटीलाच प्रकल्प समजणे. दुसरी अशी की, गटातले एकच हुशार मूल सगळी आकडेमोड करते आणि बाकीचे रंगकाम करतात. म्हणून प्रत्येकाची आकडेमोड त्याच्याच वहीत घ्या. मोजण्यापूर्वी अंदाजही लिहून घ्या. गुणदानाच्या तपशीलवार श्रेणी पुढच्या सत्रात पाहू.