वेर्ण्याची ट्रेनीशिप, पुण्याचा बॉण्ड की सरकारी जागेची वाट?

नमस्कार,

गोव्यातल्या साखळीहून पाठवलेलं तुमचं पत्र मिळालं. इतर पालकांनाही उपयोग व्हावा म्हणून त्यातला मजकूर थोडक्यात सांगतो. मुलगा यंदा गोव्यातल्याच कॉलेजातून मेकॅनिकल इंजिनीअर झाला, पण कॅम्पसमध्ये काही जमलं नाही. आता त्याच्या हाती दोन पत्रं आहेत. एक गोव्यातल्याच वेर्ण्याच्या औषध कारखान्यातल्या मेन्टेनन्स (यंत्रांची देखभाल-दुरुस्ती) विभागाचं: एक वर्षाची ट्रेनीशिप, विद्यावेतन जेमतेम. दुसरं पुण्याच्या एका आयटी कंपनीचं: सपोर्टचं काम, पैसे दुपटीहून जास्त, पण दोन वर्षांचा बॉण्ड (मुदतीआधी नोकरी सोडली तर पैसे भरण्याचा करार) आणि मूळ गुणपत्रिका कंपनीकडे जमा करायच्या. मुलाचे मामा म्हणतात, दोन्ही सोडा, सरकारी ज्युनिअर इंजिनीअरच्या जागा निघेपर्यंत त्याला घरी अभ्यास करू दे. आणि तुम्ही विचारलंय, "चार वर्षं फी भरली ती पोराने तेलकट हात घेऊन घरी यावं म्हणून का?"

हो, यावं. निदान पहिली दोन वर्षं तरी. तुमच्या मनाला हे लागेल, पण मेकॅनिकलचा नवा पदवीधर घडतो तो यंत्राशेजारीच, असं माझं ठाम मत आहे.

मुलाखतीत काय होतं ते सांगतो. समोरचा मेन्टेनन्स मॅनेजर गुणपत्रिका बाजूला ठेवतो आणि टेबलावर एक बेअरिंग ठेवतो. त्यावर ६२०५ असा नंबर असतो. "शाफ्टचा व्यास किती?" शेवटच्या दोन आकड्यांना पाचाने गुणायचं, म्हणजे २५ मिलिमीटर. ज्याने एकदा तरी बेअरिंग बदललंय तो क्षणात सांगतो. मग पुढचा प्रश्न: "पंप चालू आहे, मोटरचा आवाज नीट येतोय, पण पाणी पुरेसं चढत नाही. काय काय बघशील?" पुस्तकी मुलगा कॅव्हिटेशनची (पंपात वाफेचे बुडबुडे होऊन फुटण्याची) व्याख्या सुरू करतो. हाताने काम केलेला मुलगा म्हणतो, आधी स्ट्रेनर म्हणजे गाळणी बघेन, सक्शनच्या म्हणजे पाणी ओढणाऱ्या पाइपात हवा शिरतेय का बघेन, त्या पाइपाच्या तळाचा फूट व्हॉल्व्ह बघेन, आणि काल मोटर रिवाइंड होऊन आली असेल तर पंप उलटा फिरत नाही ना, ते बघेन. थ्री-फेजच्या दोन वायरींची अदलाबदल झाली की सेंट्रिफ्यूगल पंप उलटा फिरतो, थोडं पाणी देतही राहतो, त्यामुळे चूक लवकर लक्षात येत नाही. हे उत्तर देता आलं की मॅनेजर खुर्चीत पुढे सरकून बसतो.

औषध कारखान्याचा मेन्टेनन्स विभाग तर नवख्यासाठी फारच चांगली जागा. पाणी थंड करणारा चिलर, बॉयलर, कॉम्प्रेसर, कूलिंग टॉवर, स्वच्छ खोल्यांना गाळलेली हवा पुरवणारे एअर हँडलिंग युनिट हे सगळं एकाच छपराखाली भेटतं. शिवाय प्रत्येक गोष्ट लिहून ठेवायची शिस्त लागते, कारण ऑडिटला आलेला माणूस न लिहिलेलं काम झालेलं मानत नाही. चिलरचंच उदाहरण घ्या. ऑपरेटर ठरलेल्या वेळी लॉगबुकात कंडेन्सरचं (चिलरची उष्णता बाहेर टाकणाऱ्या भागाचं) प्रेशर लिहितो. आकडा रोज किंचित वर सरकत असतो, पण रोज लिहिणाऱ्याला तो जाणवत नाही. नव्या पोराने मागची पानं उलटून चढ ओळखला, कूलिंग टॉवरच्या पाण्यातले क्षार तपासायला सांगितले आणि कंडेन्सरच्या ट्यूबांमध्ये थर बसलाय हे दाखवून दिलं, तर कंपनीचं वीजबिल वाचतं आणि कॉम्प्रेसरही वाचतो. असं एखादं काम पुढच्या मुलाखतीत दहा सर्टिफिकेटांना भारी पडतं.

पण मी डोळे मिटून वेर्ण्याला जा म्हणत नाही. तुमच्या पत्रात एका गोष्टीचा उलगडा होत नाही, आणि सगळं तिच्यावरच अवलंबून आहे. ट्रेनीशिपचं पत्र नक्की कोणाच्या लेटरहेडवर आहे? ट्रेनी म्हणून तीन वेगवेगळ्या प्रकारे घेतात. कंपनी स्वतः ट्रेनी म्हणून घेते, तो पहिला. दुसरा अप्रेंटिसचा: १९६१च्या शिकाऊ उमेदवार कायद्याखाली, केंद्राच्या नॅट्स या अप्रेंटिसशिप योजनेच्या पोर्टलवर करार नोंदवून. यात किमान विद्यावेतनाचा अर्धा वाटा केंद्र सरकार उचलतं आणि वर्षाअखेरीस सरकारी प्रमाणपत्र मिळतं. मात्र वर्ष संपल्यावर कायम करायलाच हवं असं कंपनीवर बंधन नसतं. तिसरा प्रकार लेबर कॉन्ट्रॅक्टरच्या नावावरचा: गेट कंपनीचं, पत्र कॉन्ट्रॅक्टरचं. पहिले दोन प्रकार असतील तर खुशाल जाऊ दे. तिसरा असेल तर आधी विचारा की अनुभवाचं पत्र कोण देणार, त्यावर कामाचं स्वरूप काय लिहिणार. उत्तर गुळमुळीत आलं तर नको. मुलाने आणखी एक प्रश्न जरूर विचारावा: मला शिकवणार कोण? ज्या विभागात वीस वर्षं काढलेला एखादा फोरमन आहे, तिथे कमी पैशांतही जावं. जिथे ट्रेनीला वर्षभर फक्त एक्सेलमध्ये आकडे भरायला बसवतात, तिथे जाण्यात अर्थ नाही.

पुण्याचं सांगतो. मूळ गुणपत्रिका देऊ नका. पडताळणीसाठी दाखवाव्यात, साक्षांकित प्रती द्याव्यात, मूळ कागद तुमच्या कपाटात राहू द्यात. बॉण्डला उगाच घाबरू नका आणि हलक्यातही घेऊ नका. १८७२च्या करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करार मोडल्यास वाजवी भरपाई मागता येते, आणि करारात लिहिलेली रक्कम ही तिची कमाल मर्यादा असते. म्हणजे लिहिलेला पूर्ण आकडा आपोआप वसूल होतो असं नाही. पण त्यासाठी पुढे भांडत बसावं लागतं, आणि नोकरीच्या पहिल्याच वर्षी ती कटकट कशाला? आयटीत जाणं कमी प्रतीचं आहे असं मी मुळीच म्हणत नाही. मुलाला प्रोग्रामिंगची खरी आवड असेल, त्याने स्वतःहून काही करून पाहिलं असेल, तर आयटीतच जावं, पण मूळ कागद न मागणाऱ्या कंपनीत. रात्रपाळीत तिकिटं (ग्राहकांच्या नोंदवलेल्या तक्रारी) बंद करत दोन वर्षं घालवली तर तो मेकॅनिकललाही परका होतो आणि प्रोग्रामरही होत नाही.

मामांचा सल्ला मायेपोटी आहे, तरीही मला तो पटत नाही. बांधकाम खात्यात मुख्यतः सिव्हिलच्या जागा निघतात, वीज खात्यात इलेक्ट्रिकलच्या. मेकॅनिकलच्या वाट्याला फार थोड्या येतात, आणि त्या कधी निघतील यावर आपला काही ताबा नाही. परीक्षा त्याने जरूर द्यावी. एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजचं कार्ड चालू ठेवावं, पंधरा वर्षांचा रहिवासी दाखला काढून ठेवावा. गोव्याच्या सरकारी नोकरीला कोंकणीचं ज्ञान आवश्यक असतं. तुमच्या घरी मराठी वाचली-लिहिली जाते, बाजारात कोंकणी बोलली जाते, तेव्हा बोलण्याची अडचण नसावी, पण देवनागरी कोंकणी वाचायचा-लिहायचा सराव आत्ताच करावा. गेट ही इंजिनीअरांची राष्ट्रीय परीक्षाही द्यावी, तिचा स्कोअर तीन वर्षं चालतो आणि केंद्राच्या बऱ्याच कंपन्या त्यावर भरती करतात. हे सगळं नोकरी करता करता होतं. घरी बसून वर्ष गेलं की पुढच्या प्रत्येक मुलाखतीत त्या वर्षाचा हिशेब द्यावा लागतो. अनुभवाअभावी काही दारं बंदही राहतात: बीईईच्या (केंद्राच्या ऊर्जा कार्यक्षमता ब्युरोच्या) एनर्जी मॅनेजर परीक्षेला इंजिनीअरला तीन वर्षांचा अनुभव लागतो, तो अभ्यासाच्या टेबलावर बसून मिळत नाही.

वेर्ण्याचं फिसकटलं तर गोव्यात दुसरं काही नाही असं समजू नका. कुंडई, मडकई, बेतोडा, पिळर्ण, कुंकळ्ळी आणि तुमच्या जवळची होंडा इथे औद्योगिक वसाहती आहेत. वास्कोचं गोवा शिपयार्ड पदवीधर अप्रेंटिस घेतं, त्याच्या जाहिराती वेबसाइटवर बघत राहावं. आणि एक क्षेत्र आपल्याकडच्या पालकांच्या ध्यानातच येत नाही: मोठी हॉटेलं. हॉटेल म्हटलं की आपल्याला स्वयंपाकघर आणि रिसेप्शन दिसतं. पण कांदोळीपासून केळशीपर्यंतच्या प्रत्येक मोठ्या हॉटेलात इंजिनीअरिंग विभाग असतो. चिलर, जनरेटर, सांडपाणी प्रक्रिया, लाँड्रीची वाफ हे सगळं त्याच्या अखत्यारीत. किनाऱ्यावरच्या खाऱ्या हवेने एसीच्या बाहेरच्या युनिटचे अॅल्युमिनियमचे पंख गळून पडतात, त्यामुळे कामाला तोटा नाही. या विभागात चीफ इंजिनीअरपर्यंत चढता येतं आणि त्यासाठी गोवा सोडावा लागत नाही.

आता थोडं स्पष्ट बोलतो, राग मानू नका. तुमच्या पत्रात तुमचं म्हणणं आहे, मामांचं आहे, आईची काळजी आहे. मुलाला स्वतःला काय हवंय याबद्दल एक ओळ नाही. कॉलेजात त्याने प्रोजेक्ट कशावर केलं, वर्कशॉपमध्ये त्याचं मन रमायचं का, की तो लॅपटॉपवर डिझाइन करण्यातच गुंतायचा? सॉलिडवर्क्स या डिझाइनच्या सॉफ्टवेअरमध्ये हात बसला असेल तर मेन्टेनन्सपेक्षा टूल-रूम (साचे आणि हत्यारं बनवण्याचा विभाग) किंवा डिझाइनचं काम त्याला जास्त मानवेल, आणि मग माझं उत्तर थोडं बदलेल. उत्तर देण्याची मुदत संपण्याआधी त्याच्याशी बोला, मामा घरी नसताना.

तो वेर्ण्याला जायचं म्हणाला तर साखळीहून रोज जा-ये करायला लावू नका. आधी चौकशी करा की कंपनीची बस कुठपर्यंत येते. पहिली पाळी भल्या पहाटे घर सोडायला लावते आणि दुसरी संपून घरी पोहोचेपर्यंत मध्यरात्र होते, अशाने महिन्याभरात पोरगा कंटाळतो आणि दोष नोकरीला देतो. निदान सुरुवातीचे सहा महिने मडगावात किंवा नुव्याला एखाद्या मित्राबरोबर खोली घेऊ दे. भाडं विद्यावेतनातून भागणार नाही, तेवढा भार तुम्ही उचला. फीचे हप्ते आणखी सहा महिने लांबले, असं समजा.