17 वर्षांच्या मुलीने तबेल्यात पगारी काम केलं तर घोडेस्वारीच्या स्पर्धांतला तिचा ‘हौशी’ (म्हणजे व्यावसायिक नसलेल्या स्पर्धकाचा) दर्जा जाईल का?

अमेरिकेत, म्हणजे युनायटेड स्टेट्स इक्वेस्ट्रियन फेडरेशन या तिथल्या घोडेस्वारी संघटनेच्या नियमांनुसार सांगतो. तुमची मुलगी 17 वर्षांची आहे, तेव्हा आत्ताच्या कमाईची धास्ती नको. 18 व्या वाढदिवसाआधी केलेलं काम हौशी दर्जाच्या आड येत नाही.

खरी काळजी त्यानंतर. लीद काढणं, खरारा करणं, आयाळ गुंफणं, कार्यालयीन काम, नालबंदी यांचे पैसे खुशाल घ्यावेत. घोड्यावर बसण्याचे, त्याला प्रशिक्षण देण्याचे किंवा कुणाला रायडिंग शिकवण्याचे पैसे घेतले की ती व्यावसायिक ठरते.

बरीच मुलं फसतात ती मधल्या जागेत. पगार फक्त साफसफाईचा, पण संध्याकाळी मालकाच्याच घोड्याला ‘जरा फिरवून आण’ म्हणतात. नियमाच्या दृष्टीने तेही पगारी रायडिंगच. रोख हातात पडायला हवी असंही नाही. कामाच्या बदल्यात तिचा घोडा फुकट ठेवून घेतला, तर तो मोबदलाच. म्हणून 18 पूर्ण होण्याआधी मालकाशी कामाचं स्वरूप स्पष्ट बोलून घ्या, लेखी असेल तर उत्तम.

दर्जा गेलाच, तर वर्षभर अशी सगळी व्यावसायिक ठरणारी कामं बंद ठेवून फेडरेशनकडे पुन्हा अर्ज करता येतो. पण ऐन उमेदीचं ते वर्ष हौशी गटाबाहेर जातं.