क्रूझ कंट्रोलवर १००ला चालताना आरपीएम वरखाली होतो, गाडी थरथरते. टॉर्क कन्व्हर्टर बदलावाच लागेल का?

तुम्ही दिलेली माहिती अशी: सहा गिअरची डिझेल ऑटोमॅटिक, ९० हजार किमी झालेली. समृद्धीवर क्रूझ १००ला लावून तासभर झाला की आरपीएम २००-३००ने चढतो, परत उतरतो, मधेच रम्बलरवरून गेल्यासारखी थरथर होते. गॅरेजवाला कन्व्हर्टर बदला म्हणतो. एवढ्यावरून गिअरबॉक्स उतरवू देऊ नका.

टॉर्क कन्व्हर्टर हा इंजिन आणि गिअरबॉक्स यांना जोडणारा भाग. त्यात इंजिनकडचा पंखा तेल फेकतो आणि त्या तेलाच्या जोरावर गिअरबॉक्सकडचा पंखा फिरतो. दोघांच्या फेऱ्यांत थोडा फरक राहतोच. हायवेला तो फरक मिटवण्यासाठी आत एक क्लच असतो, तो धरला की लॉक-अप झालं. तुमचे ते २००-३०० म्हणजे बहुतेक हाच क्लच सुटतोय. प्रश्न एवढाच, की कॉम्प्युटर स्वतः तो सोडतोय, की कॉम्प्युटर ‘धर’ म्हणतोय आणि क्लच धरत नाहीये? पहिलं असेल तर नवा कन्व्हर्टर टाकून काडीचाही फरक पडणार नाही.

हे कळायला गिअरबॉक्सचा डेटा दाखवणारा स्कॅनर लावून गाडी हायवेला न्या आणि तीन आकडे एकत्र बघा: लॉक-अपची कमांड (कॉम्प्युटरचा ‘धर’ हा हुकूम), इंजिनचा आरपीएम, इनपुट शाफ्टचा (कन्व्हर्टरमधून गिअरबॉक्समध्ये जाणाऱ्या दांड्याचा) आरपीएम. कमांड पूर्ण आहे आणि दोन आरपीएममधला फरक ५०च्या आत आहे, तर क्लच ठीक. कमांड पूर्ण आहे आणि फरक १००च्या वर, तर क्लच घसरतोय. स्कॅनरवर दिसणारा पी०७४१ हा दोषाचा कोड बहुधा याचाच असतो. आणि आरपीएम चढण्याआधी कमांडच बंद होत असेल, तर दोष गिअरबॉक्सच्या बाहेर शोधायचा.

स्कॅनर नसेल तर साधं गणित करा. क्रूझ बंद, सपाट रस्ता, मॅन्युअल मोडमध्ये एकच गिअर. समजा ८०ला आरपीएम १६०० आहे. लॉक असेल तर १००ला बरोबर २००० हवा. २२०० दिसला तर मधले २०० तेलात जाताहेत. आता उजवा पाय ॲक्सिलरेटरवर स्थिर ठेवून डाव्या पायाने ब्रेक पेडलला फक्त ब्रेक लाइट लागण्याइतका स्पर्श करा. ब्रेकचा सिग्नल मिळाला की बहुतेक गाड्यांत कॉम्प्युटर लॉक-अप सोडतो, म्हणून आरपीएम लगेच शंभर-दोनशेने उडायला हवा. उडाला नाही, तर लॉक-अप बहुधा मुळात लागलेलंच नव्हतं. थरथर चालू असताना हीच चाचणी केली आणि थरथर त्या क्षणी थांबली, तर ती लॉक-अपचीच आहे. तशीच राहिली तर इंजिनचं मिसिंग, इंजेक्टर, माउंटिंग, टायर बघा. डावा पाय क्लचच्या सवयीने जोरात पडतो, त्यामुळे आधी रिकाम्या मैदानात सराव करा. हायवेला मागे कोणी नसतानाच.

कमांड बंद होत असेल तर पहिला संशय ब्रेक स्विचवर. पेडलपाशी असलेल्या या स्विचमध्ये सहसा दोन सर्किट असतात, एक ब्रेक लाइटचं, दुसरं क्रूझ आणि कॉम्प्युटरचं. त्याची सेटिंग हलली की खड्ड्याच्या धक्क्यालाही ब्रेक दाबल्याचा सिग्नल जातो. आरपीएम चढतो त्याच वेळी क्रूझही आपोआप सुटत असेल, तर जवळपास खात्रीच. दुसरा संशय थर्मोस्टॅटचा, म्हणजे इंजिन तापेपर्यंत कूलंट रेडिएटरकडे जाऊ न देणाऱ्या वॉलचा. ‘गाडी गरम होते’ म्हणून थर्मोस्टॅट वॉल काढून टाकायची सवय आपल्याकडे अजून आहे, आणि ती चुकीची आहे. इंजिन ठरावीक तापमानाला आलंच नाही तर अनेक गाड्यांत लॉक-अप मिळत नाही किंवा लागून सुटतं. हायवेला टेंपरेचरचा काटा खाली राहत असेल तर आधी वॉल नवा बसवा.

आणि चढावर लॉक-अप सुटणं हा दोष नाही. क्रूझ वेग टिकवायला थ्रॉटल उघडतो, ताकद हवी म्हणून कॉम्प्युटर क्लच सोडतो. समृद्धीवर लांबच लांब सौम्य चढ आहेत, ते डोळ्यांना जाणवतही नाहीत. पाचव्या गिअरमध्ये किंवा थोड्या वेगळ्या वेगाला हा खेळ थांबत असेल तर काही बदलायची गरज नाही.

तासाभरानेच त्रास सुरू होतो ही तुमची खूण मात्र महत्त्वाची आहे. लॉक-अप सोलेनॉइडची (लॉक-अपचं तेल सोडणाऱ्या विजेवरच्या व्हॉल्व्हची) कॉइल गरम झाल्यावर तुटक होऊ शकते, म्हणून तिचा रेझिस्टन्स थंड आणि गरम, दोन्ही वेळा वायरच्या कपलरवर मोजायला सांगा. किती ओहम हवेत ते गाडीच्या सर्व्हिस मॅन्युअलमध्ये असतं.

थरथर लॉक-अपचीच निघाली तर आधी एटीएफ, म्हणजे ऑटोमॅटिक गिअरबॉक्सचं तेल, बदला. ‘आयुष्यभराचं तेल’ यावर विसंबू नका. गिअरबॉक्स बनवणारी झेडएफ स्वतः ८० हजार ते १ लाख २० हजार किमी किंवा ८ वर्षांनी बदलायला सांगते. जुन्या तेलाचा एक थेंब पांढऱ्या टिश्यूवर टाका. तांबूस डाग पसरला तर बरं. काळा, जळका वास आणि मधे कण राहिले तर क्लचचं अस्तर झिजतंय. दुधी गुलाबी दिसलं तर रेडिएटरमधल्या गिअरबॉक्स तेलाच्या कूलरमधून कूलंट आत शिरलंय, आणि तेव्हा कन्व्हर्टर खरंच जातो, कारण कूलंटने अस्तराचा गोंद सुटतो. गिअरबॉक्सखालच्या तेलाच्या चेंबरमधल्या मॅग्नेटवर बोटाला लागणारी राखाडी मलईसारखी पेस्ट साधारण असते, चकत्या नाहीत.

एकदा ड्रेन केल्यावर तेल साधारण ३-४ लिटरच निघतं, बाकीचं बरंचसं कन्व्हर्टरमध्ये राहतं. म्हणून तीनशे-चारशे किमी चालवून पुन्हा बदला, गरज पडल्यास तिसऱ्यांदा. निघालं तेवढंच मोजून भरा, ग्रेड मॅन्युअलमधलाच, आणि लेव्हल मॅन्युअलमध्ये दिलेल्या तापमानालाच बघा. गार तेलावर लेव्हल बघितली तर तेल जास्त भरलं जातं.

तेल बदलूनही कमांड असताना फरक १००च्या वर राहिला, तरी आधी व्हॉल्व्ह बॉडी (गिअरबॉक्समधलं तेल हवं तिकडे वळवणारा भाग) तपासा. लॉक-अपच्या व्हॉल्व्हचं भोक झिजलं की प्रेशर गळतं, आणि नव्या कन्व्हर्टरवरही तोच कोड परत येतो. शेवटी कन्व्हर्टर बदलावाच लागला तर कूलर आणि पाइप धुऊन किंवा बदलून घ्या, नाहीतर जुन्या अस्तराचा चुरा नव्यात जाईल. तोपर्यंत क्रूझ लावू नका आणि थरथर सुरू झाली की एक गिअर खाली घ्या. उद्या गॅरेजवाल्याकडे कमांड आणि दोन आरपीएमचा स्कॅनरवरचा ग्राफ मागा, आणि तो इथे टाका.